पुणे ते रत्नागिरी इलेक्ट्रिकने: नडलं ते कराड

आधी निकाल सांगतो. पुण्याहून आंबा घाटमार्गे रत्नागिरीला इलेक्ट्रिक गाडी खुशाल न्या. फक्त कराडला एकाच चार्जरच्या भरवशावर जाऊ नका. आमचे तिथे दोन तास दहा मिनिटं गेली, आणि शेजारच्या सीटवर दाजी होते. वीस वर्षं डिझेल चालवलेला माणूस. "वाटेत बंद पडली तर मी ढकलायला उतरणार नाही," हे त्यांनी कात्रजचा बोगदा यायच्या आतच सांगून ठेवलं होतं.

बॅटरी 40 युनिटची. कागदावरची रेंज साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, ती विसरा. ती चाचणी रोलरवर होते आणि तिच्यात वेग 90 च्या पुढे जातच नाही. मे महिना, चार माणसं, एसी चालू, हायवेला 90-95, एवढ्यावर मला युनिटला साडेसहा किलोमीटर मिळाले. म्हणजे 250 धरून चला. खंबाटकी चढून कराडला 160 किलोमीटरवर पोचलो तेव्हा 38 टक्के उरले होते. इथवर सगळं हिशेबात.

अ‍ॅपवर चार्जरच्या दोन्ही गन, म्हणजे गाडीला लावायचे प्लग, हिरव्या, मोकळ्या. प्रत्यक्षात एकीच्या पुढ्यात कुणाची तरी डिझेल गाडी उभी, मालक आत जेवायला. दुसरीच्या पडद्यावर 'फॉल्ट'. हेल्पलाइनवर वीस मिनिटं "सर, रीस्टार्ट करतोय" ऐकलं. शेवटी हॉटेलातला पोरगा आला, चार्जरच्या कडेचं, आणीबाणीत तो बंद करायचं मोठं लाल बटण त्याने पिळलं, ते टक्कन बाहेर आलं. "बारकी पोरं दाबून जात्यात ओ!" पोचल्यावर सगळ्यात आधी ते बटण बघा. चार्जिंग सुरू झालं, अकरा मिनिटांत बंद पडलं. एक फेज गेली होती. ती येईपर्यंत पाऊण तास उन्हात.

दर 22 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. साडेअठरा युनिटचे 480 झाले, ते ठीक. पण निघताना गल्ल्यावर 'गाडी लावल्याचे' शंभर मागितले, पावती नाही. मी दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

मला प्रत्येकाने सांगितलं होतं, रेंजची काळजी सोड. चार्जरची काळजी कर असं एकानेही सांगितलं नाही. याचा मला खरा राग आहे. डिझेलवाल्यांना पटवायचं असेल तर हे लपवू नका. "पंपावर पाच मिनिटांत काम होतं, इथं का होत नाही?" असं दाजींनी विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून जाताना साताऱ्यालाच अर्धा तास भरून घ्या. तिथे काही बिघडलं तरी पुढे कराड हाताशी राहतं.

आंबा घाटाच्या तोंडाशी मी स्टिअरिंग दाजींच्या हातात दिलं. रीजन, म्हणजे उताराला मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते ते, सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं आणि एवढंच सांगितलं, ब्रेकवर पाय नको. वर 53 टक्के होते, खाली साखरप्याच्या अलीकडे 54. दाजींनी गाडी कडेला घेऊन तो आकडा पुन्हा बघितला. त्यानंतर ढकलण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही.

रत्नागिरीचे तीन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक सोडून. होमस्टे ठरवताना "चार्जिंग आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "15 अँपिअरचा पॉइंट आहे का आणि अर्थिंग नीट आहे का?" असं विचारा. आमच्याकडे पॉइंट होता, पण चार्जरचा लाल दिवा जाईना. जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी झालेली. घरमालक काकांनी मागच्या दारी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, पाच मिनिटांत दिवा हिरवा झाला. सकाळपर्यंत गाडी भरली. तरी वायरमनला बोलवा असं काकांना सांगून आलो, पाण्यावर कायम भागत नाही.

परतताना 100 टक्क्यांवर निघालो. चढाला घाटाने 9 टक्के खाल्ले. कराडला 40 होते, दाजीच चालवत होते, थांबलेच नाहीत. साताऱ्याला 20 वर गन लावली, पहिल्या फटक्यात सुरू झाली. चहा पिताना दाजी म्हणाले, "सोसायटीत तुझ्या चार्जिंगच्या वेगळ्या मीटरला किती दिवस लागले रे?"