मिलटाउन मॅलबेचा सप्ताह

"आठवडाभर रजा टाकून नक्की चालली आहेस कुठे?" नवऱ्याने डब्लिनच्या घराच्या दारात विचारलं.

"सप्ताहाला," म्हटलं आणि गाडी काढली.

अगदीच खोटं नव्हतं ते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी क्लेअरमध्ये मिलटाउन मॅलबे नावाचं हजारभर वस्तीचं गाव आहे. दर जुलैच्या सुरुवातीला तिथे विली क्लॅन्सी समर स्कूल ही आयरिश लोकसंगीताची शाळा भरते. लोक नुसतं 'विली वीक' म्हणतात. सकाळी वर्ग, दुपारी व्याख्यानं आणि वादन, रात्री नाच. उरलेल्या सगळ्या वेळात पबमध्ये, अंगणात, गाडीची डिकी उघडून, जिथे चार जण बसतील तिथे वाजवणं. आमच्या साताऱ्याकडच्या गावी सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. इथे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, खाली ठेवत नाहीत. पारायणाशेजारी गिनेसचे ग्लास नसतात, एवढाच फरक.

एनिस शहरापर्यंत मोटरवे. तिथून पुढे रस्ता असा की समोरून ट्रॅक्टर आला तर आपण झुडपात. गावात एकही खोली शिल्लक नव्हती (जानेवारीतच शोधायला हवी होती, हे आता कळलं). शेवटी सहा-सात किलोमीटरवर क्विल्टीत एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरी जागा मिळाली. स्वयंपाकघरात खाली दगडी फरशी आणि भिंतीला टेकून निळ्या-पांढऱ्या बश्यांनी भरलेली उंच लाकडी मांडणी. बाईंनी किल्ली दिली आणि बजावलं, "पहाटे चारला आलीस तरी चालेल, पण फाटक आपटू नकोस."

आधी एक सांगून टाकते. बाहेर याला 'केल्टिक संगीत' म्हणतात. त्या नावासोबत धुकं, हार्प आणि डोळे मिटलेली बाई हे सगळं आपोआप येतं. आठवडाभरात तो शब्द मी इथे एकाच्याही तोंडून ऐकला नाही. इथे ते 'ट्रॅड' (ट्रॅडिशनलचं लघुरूप), नाहीतर नुसतं 'म्युझिक'. एखाद्याला वाजवता येतं असं म्हणायचं असेल तर 'त्याच्याकडे म्युझिक आहे' म्हणतात. 'त्याच्याकडे दोन म्हशी आहेत' म्हणावं तितक्या सहज.

ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो विली क्लॅन्सी पाइप्स, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य, वाजवायचा; आता पुतळ्याच्या रूपात गावातच आहे. १९१८ सालचा जन्म, धंद्याने सुतार. जॉनी डोरन नावाचा एक फिरस्ता पायपर जत्रांतून, घोड्यांच्या शर्यतींतून वाजवत हिंडायचा. त्याला ऐकून विलीला या वाद्याचं वेड लागलं. डब्लिनला, लंडनला सुतारकाम करून तो परत गावी आला आणि वाजवत राहिला. १९७३च्या जानेवारीत, चोपन्नाव्या वर्षी अचानक गेला. मित्रांनी त्याच उन्हाळ्यात ही शाळा सुरू केली. पुतळा उभारायचं नंतर सुचलं, आधी शाळा काढली, हे मला फार आवडलं.

मी टिन व्हिसलच्या नवशिक्यांच्या वर्गात. पत्र्याची नळी, सहा भोकं, आपल्या बासरीची धाकटी बहीण. वर्गात मी, दोन जर्मन, एक निवृत्त नर्स आणि नऊ-दहा वर्षांची पाच मुलं. मुलांनी पहिल्या तासातच आम्हाला मागे टाकलं. कागद नाही, फळा नाही. शिक्षिका दोन मात्रांचा तुकडा वाजवणार, आम्ही तो परत करायचा, मग पुढचा तुकडा जोडायचा. एका जर्मनाने नोटेशन मागितलं. ती म्हणाली, "देते, शुक्रवारी." तोपर्यंत त्याची गरज उरणार नाही हे तिला माहीत होतं. तबल्याच्या क्लासात आमचे सर वही उघडू द्यायचे नाहीत, ते आठवलं.

त्या तबल्यानेच पहिल्या संध्याकाळी मला तोंडघशी पाडलं.

सेशन म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. पबच्या कोपऱ्यात सात-आठ जण गोल बसलेले. दोन फिडल, बासरी, बँजो, आणि क्लेअर म्हटल्यावर कॉन्सर्टिना आलीच. ही षटकोनी चिमुकली पेटी; एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. माइक नाही, मंच नाही. गोलात बसल्यामुळे निम्म्यांची ऐकणाऱ्यांकडे पाठ. कुणीतरी एक चाल सुरू करतो, ज्यांना येते ते उचलतात, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. आठ-आठ मापांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा. अशी पूर्ण चाल दोन-तीनदा झाली की न थांबता दुसरीत उडी. कोण कुठल्या चालीत उडी घेणार हे नजरेवर ठरतं. टाळ्यांसाठी कुणी थांबत नाही. मैफलीत बसायची सवय असल्याने पहिला अर्धा तास मला थोडं अपमानितच वाटलं. मग लक्षात आलं, हे आपल्यासाठी चाललेलंच नाही. भजनी मंडळ कुठे श्रोत्यांकडे बघून गातं?

तर जिग सुरू झाली. जिग ही नाचाची चाल, सहाची असते, तीन-तीनचे दोन घास. माझ्या डोक्यात ताबडतोब दादरा. धा धी ना, धा ती ना. बोटं कधी टेबलावर गेली कळलंच नाही. दोन आवर्तनं झाली असतील, शेजारच्या फिडलवाल्या आजोबांनी वाजवता वाजवताच माझ्या हातावर नजर टाकली. रागाने नाही, ताटात पडलेल्या केसाकडे बघावं तशी. हात मांडीखाली गेला. नंतर कळलं की बौरान, म्हणजे आपल्या डफासारखं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य, तेसुद्धा एका सेशनमध्ये एकच असावं असा संकेत आहे, आणि तेही वाजवणाऱ्याला चाल पाठ असेल तर. ताल फिडलच्या गजातच असतो, वरून कशाला हवा?

बुधवारी पाइप्स ऐकले. स्कॉटिश बॅगपाइप्स डोक्यातून काढून टाका. हे इलन पाइप्स. आयरिशमध्ये 'इलन' म्हणजे कोपराचे. तोंडाने फुंकायचे नसतात. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी. तीन ड्रोन नळ्या सतत एक सूर धरून ठेवतात, सूरपेटीसारख्या. मुख्य नळी, चँटर, मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकलेली. सगळ्यात खालचा सूर हवा असेल तेव्हा ती उचलायची. आणि बोटं गुंतलेली असताना मनगटाच्या कडेने रेग्युलेटरच्या पट्ट्या दाबून मध्येच दोन-तीन सुरांची साथ द्यायची. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं सराव, सात वर्षं वाजवायचं, तेव्हा कुठे पायपर होतो असं म्हणतात. वाजवणारी मुलगी पंचविशीची असेल. विलंबित चाल होती, आणि त्यात एक सूर तिने असा हळू वर सरकवला की माझ्या शेजारचा माणूस पुटपुटला, "ओह, गुड गर्ल." आपण 'क्या बात है' म्हणतो तसं. २०१७ साली युनेस्कोने या वादनाला मानवजातीचा वारसा ठरवलं. त्या खोलीत त्याचा कुणी उल्लेखही केला नाही.

नाचाबद्दल माझी कल्पना टीव्हीवरची: हात अंगाला चिकटवलेले, पाय हवेत. क्लेअरचा सेट तसा नाही. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात, मूळ एकोणिसाव्या शतकातल्या क्वाड्रिल नाचाचं. पण इथल्या लोकांनी त्यात आपले रील, म्हणजे जलद चाली, घातले आणि पाय जमिनीवर आणले. पाय फारसे उचलायचेच नाहीत, टाचेने-चवड्याने फरशीवर ठेका काढायचा. त्याला 'बॅटरिंग' म्हणतात. मला जोडीला घेतलेल्या शेतकरीबुवांचे बूट दोन किलोचे असतील, पण फरशीवर आवाज मात्र मेथी निवडताना ताटात पडावा तसा हलका.

फेर धरायची वेळ आली की कुणीतरी ओरडतं, "राउंड द हाउस, अँड माइंड द ड्रेसर!" घराला वळसा घाला आणि मांडणी सांभाळा. हा सेट मुळात स्वयंपाकघरातला. मग १९३५ साली कायदा आला: सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना हवा. धर्मगुरूंना घरातले नाच आधीपासूनच खुपत होते. कायदा हाती आल्यावर त्यांनी आणि पोलिसांनी तो घरांवरही चालवला. याच भागातले फिडलवादक ज्युनिअर क्रेहन, ही शाळा उभी करणाऱ्यांपैकी एक, त्यांना घरांमधल्या त्या बंद पडलेल्या नाचांचा सल जन्मभर होता. पोरं बोटीने परदेशी निघालीच होती, आता गावाची संध्याकाळही गेली.

शुक्रवारी रात्री तेच फिडलवाले आजोबा पुन्हा भेटले. "तू परवा टेबलावर काय वाजवत होतीस?" मेलेच. म्हटलं, वाजवत नव्हते, बोलत होते. म्हणाले, मग बोल. चालीच्या मधल्या शांततेत मी दादऱ्याचे बोल म्हटले, मग थोडी लग्गी, म्हणजे त्याच तालातले जलद बोल. आजोबांनी ग्लास खाली ठेवला आणि तोंडाने सुरू केलं, "डिडल-डी, आयडल-डम..." अख्खी जिग! याला लिल्टिंग म्हणतात. गावात वादक नसेल, वाद्य गहाण पडलं असेल, तेव्हा एक जण असं गायचा आणि बाकीचे नाचायचे. पुढची दहा मिनिटं ते सूर घेत होते, मी बोल. बरोबर जमलं असं म्हणणार नाही. लग्गीत मी दोनदा सुटले. पण या वेळी हात मांडीखाली घालावा लागला नाही.

शनिवारी सकाळी निघण्याआधी क्विल्टीच्या स्वयंपाकघरात व्हिसलवर आठवड्याची कमाई वाजवून बघत होते. एक जिग, जेमतेम. तिचं नाव तीन जणांना विचारलं होतं, तिघांनी तीन सांगितली. बाई चहाची किटली घेऊन आल्या, ऐकून चौथंच नाव सांगितलं. मग किटली टेबलावर ठेवली. "पुन्हा वाजव. जरा सावकाश."

मी वाजवलं. बाईंनी एका हाताने खुर्चीची पाठ धरली, सपाता भिरकावल्या आणि मोज्यांवरच दगडी फरशीवर टाच टेकवली. दुसऱ्या भागात मी चुकले, त्या चुकल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला मांडणीतल्या बश्या किणकिणायला लागल्या.