तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवर दोन तास बसतो, मग अभ्यासाला का नाही बसत?

मी कोथरूडला एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूच्या वाढीतली अडचण) असलेल्या मुलांना शिकवते आणि पालक भेटले की हा प्रश्न येतोच, "मॅडम, मोबाईल घेऊन दोन तास हलत नाही हो, मग पुस्तक उघडलं की लगेच पाणी, शू, पेन्सिल कशी सुचते? नाटकं करतो ना?"

नाही, नाटकं नाही करत.

लक्ष ह्या मुलांकडे भरपूर असतं, पण ते ठरवून एखाद्या कंटाळवाण्या कामाला लावणं आणि तिथे धरून ठेवणं त्यांना खूप जड जातं. गेममध्ये सतत काहीतरी घडतं, आवाज, पॉइंट, जिंकलो का हरलो ते लगेच कळतं, आणि अभ्यासाचं फळ दिसणार थेट सहामाहीला. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, कशासाठी धडपडावंसं वाटतं ह्यात त्याचा मोठा हात असतो, ह्या मुलांमध्ये ते काम जरा वेगळं चालतं म्हणून लांबचं बक्षीस त्यांना ओढत नाही. आणि हे फक्त मोबाईलचं नाही बरं का, माझ्याकडचा एक मुलगा गणपतीआधी नदीपात्रात ढोलपथकाच्या प्रॅक्टिसला तासन्‌तास झांज वाजवतो, आणि तोच वर्गात फळ्यावरच्या तीन ओळी पुऱ्या उतरवत नाही. तिथे हातपाय हलत असतात, ठोका चुकला की त्याच क्षणी कळतं, आजूबाजूला सगळे तेच करत असतात. म्हणून मग आम्ही पाढे टाळ्यांवर घेतले, उभं राहून.

२००७ साली अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी मुलांचे स्कॅन तपासले तेव्हा दिसलं की एडीएचडीत मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ बाकीच्या मुलांसारख्याच क्रमाने होते, पण सरासरी तीनेक वर्षं उशिरा, आणि जास्त उशीर पुढच्या भागात, जिथून स्वतःला आवरणं, आखणी करणं चालतं. ह्याचा अर्थ बुद्धी कमी असा अजिबात नाही. पण "एवढा घोडा झालास, दप्तर भरता येत नाही?" हे दहा वर्षांच्या मुलाला म्हणायच्या आधी एवढं आठवा.

रात्री समोर बसवून लेक्चर दिल्याने काही होत नाही, काय करायचं ते त्याला पाठ असतं, ऐन वेळी होत नाही. मदत त्या वेळी, त्या जागी हवी. किचनमधून ओरडून चार कामं सांगण्यापेक्षा जवळ जाऊन एकच सांगा. डबा, बाटली, डायरी ह्यांची चित्रं दाराला चिकटवा. चार गणितं, मग एक चक्कर. आणि केलं की तिथल्या तिथे शाबासकी, रविवारच्या पिझ्झ्याची वाट बघायला लावू नका.

आजी म्हणतात, "ह्याचा बाप पण अस्साच होता." आजी बऱ्याचदा बरोबर असतात, एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा असतो, आणि हे ऐकून कितीतरी बाबा माझ्यासमोर एकदम गप्प झालेत, त्यांना लहानपणी खाल्लेला मार आठवतो.

तपासणी मात्र नीट करा, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) किंवा मुलांच्या सायकियाट्रिस्टकडे. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून, सहा महिने तरी, आणि घर-शाळा अशा दोन्हीकडे दिसावी लागतात, नुसतं एका बाईंच्या तक्रारीवरून ठरत नाही. मुलीही बघा, खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी त्रास देत नाही म्हणून राहून जाते. गोळीला घाबरू नका, डॉक्टर भूक, वजन बघत देतात, सहाच्या खालच्या मुलांमध्ये आधी पालकांचं ट्रेनिंगच सुचवतात.

आणि मोबाईल? वेळ ठरवून द्या, पण गेमच्या मध्यात हिसकावू नका, पाच मिनिटं आधी खांद्यावर हात ठेवून सांगा, लेव्हल संपू द्या. बंद केला की लगेच पुस्तक समोर टाकू नका, आधी खाली सायकल फिरवून येऊ दे.