शून्य व्होल्ट

"मशीन बंद असलं तरी चावतं," असे त्या घरातल्या आजी दोन महिने सांगत होत्या, पण कोणी ते फारसे मनावर घेतले नव्हते. कपडे धुण्याचे मशीन दुरुस्त करणारा कारागीर येऊन गेला होता. त्याने ते बाहेरच्या खोलीतल्या सॉकेटवर लावून तपासले, तेव्हा झटका बसला नाही. त्यामुळे मशीन निर्दोष ठरले आणि आजींना भास होतो असे घरात बोलले जाऊ लागले. वायरिंगच्या कामात मला पुष्कळ वर्षे झाली आहेत. स्विच बंद असतानाही झटका बसतो असे कोणी सांगितले, तर ते खरे मानूनच मी कामाला लागतो.

मशीनच्या बोर्डावर १६ अॅम्पिअरची दोन सॉकेट शेजारी शेजारी होती. त्यांपैकी मोकळ्या सॉकेटवर मी मल्टिमीटर लावला. सॉकेटमध्ये फेज वीज आणतो, न्यूट्रल ती परत नेतो आणि अर्थ सुरक्षेसाठी जमिनीला जोडलेला असतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये २३०, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्य. कोणत्याही चांगल्या सॉकेटवर साधारण हेच आकडे दिसतात. मग मी सगळ्यांना दूर उभे केले आणि मशीन गरम पाण्यावर चालू केले. आतले एलिमेंट तापू लागले की नऊएक अॅम्पिअर करंट न्यूट्रलमधून परत जातो आणि लांबच्या वायरीत थोडे व्होल्टेज पडते, म्हणून न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखादा व्होल्ट तरी दिसायला हवा होता. मीटर मात्र शून्यावरून हलला नाही. हे दोन्ही पॉइंट सॉकेटच्या मागेच एकमेकांना जोडलेले असतील, तरच असे होऊ शकते.

मशीन बंद करून, प्लग काढून मी साधा निऑनचा टेस्टर घेतला. उजव्या बाजूच्या फेजच्या छिद्रात तो पेटला नाही, डावीकडे न्यूट्रलमध्ये पेटला आणि वरच्या अर्थच्या छिद्रातही पेटला. बोर्डाचे दोन्ही स्विच बंद केले, तरी डावीकडचा आणि वरचा उजेड तसाच राहिला. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. मशीनचा पत्रा अर्थच्या पिनेला जोडलेला असतो, म्हणजे प्लग खोचलेला असेपर्यंत तो संपूर्ण पत्रा रात्रंदिवस २३० व्होल्टवर होता. खात्रीसाठी मुख्य बोर्डाच्या अर्थपासून एक लांब वायर आणून मोजले, तेव्हा सॉकेटचा अर्थ आणि खरा अर्थ यांच्यात पूर्ण २३० व्होल्ट मिळाले. मल्टिमीटरने खोटे सांगितले नव्हते. त्याला दोन पॉइंटांमधला फरक तेवढा कळतो, त्यांतला जिवंत कोणता हे कळत नाही.

मेन बंद करून बोर्ड उघडला. आत अर्थची वायर आलेलीच नव्हती. कोणीतरी न्यूट्रलच्या टर्मिनलपासून अर्थच्या टर्मिनलपर्यंत वायरीचा बोटभर तुकडा जोडून 'अर्थिंग' दिले होते. हे काम मुळातच घातक आहे, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर मशीनमधून आलेला फेज त्याच तुकड्यातून पत्र्यावर येतो. इथे तर मागच्या जंक्शन बॉक्समध्ये फेजची लाल वायर न्यूट्रलच्या काळीला आणि काळी लालला जोडली होती. तो जोड नव्या टेपचा होता आणि बोर्डातला तुकडा जुना, धुळीने माखलेला होता. म्हणजे आधीची चूक निपचित पडून होती आणि नंतरच्या दुरुस्तीने तिच्यात फेज सोडला. स्विचमधून आता न्यूट्रल जात होता, त्यामुळे तो बंद केला तरी फेज तुटत नव्हता.

एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, पडला नाही, कारण मशीन प्लॅस्टिकच्या स्टँडवर होते, पाण्याची नळीही प्लॅस्टिकची होती आणि करंटला जमिनीकडे जायला वाट नव्हती. ती वाट माणसाच्या शरीराने दिली असती, तरीही १६ अॅम्पिअरचा एमसीबी पडला नसता. शरीराचा रोध १००० ओहम धरला तर करंट २३० मिलिअॅम्पिअर होतो. एमसीबीच्या लेखी तो काहीच नाही, पण माणूस मरायला पुरेसा आहे. आजींच्या पायात नेहमी रबरी चपला असत, म्हणून त्यांना नुसत्या मुंग्या येत होत्या.

तुकडा काढला, जोड सरळ केला आणि कंड्यूटमध्ये, म्हणजे वायरींच्या नळीत, स्प्रिंग घालून मुख्य अर्थपासून हिरवी वायर ओढून आणली. यातच अर्धा दिवस गेला, कारण कंड्यूट आधीच वायरींनी भरले होते. मुख्य बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे एवढा करंट जमिनीकडे गळला तरी वीज तोडणारा स्विच, बसवली आणि घरातले बाकीचे प्रत्येक सॉकेट टेस्टरने आणि मीटरने तपासले. आणखी तीन सॉकेटांत फेज आणि न्यूट्रल उलटे निघाले, तेही सरळ केले.

शेवटी आजींना शेजारी बसवून, त्या सांगत होत्या ते कसे खरे होते हे मी घरातल्या सगळ्यांसमोर समजावले. मग मशीन पुन्हा गरम पाण्यावर लावले आणि शेजारच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर धरला. १.३ व्होल्ट दिसले.