वेगाचं चलान आलं? आधी फोटो मोठा करून बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली-कागल पट्ट्यात वेगाचं ई-चलान आलं की लगेच पैसे भरू नका. महाट्रॅफिक ॲपवर फोटो उघडून नंबर प्लेट निरखा. ८ चा बी, शून्याचा डी वाचला जातो. मग ठिकाण, वेळ, वेगमर्यादा बघा. फोटोच्या चौकटीत दोन गाड्या असतील तर तक्रारीचा मुद्दा भक्कम: वेग मोजणाऱ्या रडारचा झोत रुंद असतो, शेजारच्या ट्रकचा वेग तुमच्या नावावर पडू शकतो.

‘यंत्र तिरकं होतं’ हे मात्र सांगू नका. २० अंशांच्या कोनात १०० चा वेग ९४ दिसतो, म्हणजे फायदा तुमचाच!

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७ए नुसार यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत हवं. तक्रारीत त्याची प्रत जरूर मागा.