तुम्ही विचारलेत म्हणून : बॅटनकिलमधले ट्राउट कुठे गेले?

पुण्याहून आलेले नातेवाईक असोत की इथल्या मराठी मंडळातले स्नेही, मी अमेरिकेतल्या बॅटनकिल नदीवर फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला किड्यासारखे दिसणारे कृत्रिम आमिष लावून ट्राउट या गोड्या, थंड पाण्यातल्या माशाची मासेमारी, करतो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "एवढ्या नितळ नदीतले मासे कमी कसे झाले? कारखान्यांचे पाणी सोडतात का?" मी "नाही, तसे नाही" एवढेच म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. खरे उत्तर लांब आहे आणि त्यात माझाही दोष आहे, म्हणून ते एकदा नीट लिहितो.

बॅटनकिल अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात उगम पावते, मँचेस्टर आणि आर्लिंग्टनवरून वाहत पश्चिमेला वळते आणि न्यूयॉर्क राज्यात हडसनला मिळते. अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंगच्या इतिहासात तिला मोठा मान आहे. चार्ल्स ऑर्व्हिस यांनी मासेमारीच्या साहित्याचा आपला व्यवसाय १८५६ मध्ये मँचेस्टरलाच सुरू केला. ब्रूक ट्राउट हा इथला मूळचा मासा, तर ब्राउन ट्राउट १८८३ पासून युरोपातून अमेरिकेत आणला गेला आणि या नदीत पुरता रुळला. व्हरमाँटने १९७०च्या दशकात आपल्या हद्दीतल्या बॅटनकिलमध्ये हॅचरीतले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले, मासे सोडणे बंद केले, त्यामुळे तिथे जो मासा दिसे तो नदीतच जन्मलेला असे. घट झाली तेव्हा ती झाकायला बाहेरून आणलेले मासे नव्हते.

ही घट १९९०च्या दशकाच्या मध्यात उघड झाली, आणि ती विचित्र होती. काठाच्या उथळ पाण्यात बोटभर पिल्ले भरपूर दिसत; एखाद्या खोल डोहात जुना, वजनदार ब्राउनही सापडे; पण त्यांच्या मधले, वीतभर ते हातभर लांबीचे मासे जवळजवळ नाहीसे झाले होते. एप्रिलअखेरीस हेंड्रिक्सन मेफ्लाय, म्हणजे ट्राउटचे खाद्य असलेल्या पाणमाश्या, पाण्यातून वर येऊ लागल्या की पूर्वी संध्याकाळभर पृष्ठभागावर वर्तुळे उमटत. आता माश्या पाण्यावरून तरंगत निघून जात आणि त्या टिपायला कोणी वर येत नसे. आम्ही मासेमारांनी प्रत्येकाला दोषी धरले : आम्लपावसाला, शेतातल्या खतांना, उन्हाळ्यात टायरट्यूबवर बसून तरंगणाऱ्या पर्यटकांना, मासेखाऊ मर्गांझर बदकांना. २००० पासून व्हरमाँटच्या पात्रात पकडलेला ट्राउट परत सोडणे सक्तीचे झाले, तरी मधले मासे लगेच परतले नाहीत.

अभ्यासकांनी पाणी, अन्न, रोग असे सारे तपासल्यावर मुख्य कारण म्हणून जे पुढे आले, ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. नदीत आडोसा उरला नव्हता. पिल्लाला दोन गोट्यांमधली फट पुरते, पण ते वीतभर झाले की त्याला खोल पाण्यात जावे लागते, आणि तिथे उन्मळून पडलेले झाड किंवा मोठी शिळा नसेल तर त्याला दोन संकटांना एकदम तोंड द्यावे लागते : प्रवाहाशी अखंड झुंजताना शक्ती संपते आणि वरून बदकाला तो स्पष्ट दिसतो. ओंडक्यामागच्या संथ पाण्यात तोच मासा जवळजवळ न हलता उभा राहतो आणि शेजारच्या धारेतून येणारे किडे टिपतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ते ओंडके काढत आलो होतो. कधी पुलाला धोका म्हणून, कधी होड्यांना अडथळा म्हणून, कधी केवळ नदी नीटनेटकी दिसावी म्हणून.

त्यातला एक मेपल मीही ओढला आहे. वसंतातल्या पुराने तो आडवा झाला होता, शेजाऱ्यांनी करवती आणल्या, मी दोर धरला, आणि दुपारपर्यंत पात्र मोकळे केल्याचा मला मनापासून आनंद झाला होता. याचे दुःख अधिक अशासाठी, की हे मला ठाऊक असायला हवे होते. माझे बालपण वाईला कृष्णाकाठी गेले. उंबराच्या पाण्यात उतरलेल्या मुळ्यांखाली मासे दडून बसतात, हे तिथल्या भोई मंडळींनी मला आठव्या-नवव्या वर्षी दाखवले होते.

नंतर स्वयंसेवक आणि वनखात्याने मिळून काही टप्प्यांत मुळांसकट ओंडके आणि मोठ्या शिळा पुन्हा पात्रात बसवल्या, आणि तिथे ट्राउट वाढले. पण २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाचा पूर आला, तेव्हा व्हरमाँटमधल्या कितीतरी ओढ्यांत यंत्रे उतरली. गोटे उपसून, वळणे सरळ करून ओढ्यांचे कालवे करण्यात आले. घाबरलेल्या गावांना मी दोष देत नाही. मात्र महाराष्ट्रात नदीच्या खोलीकरणाची आणि सरळीकरणाची बातमी वाचली की माझ्या पोटात गोळा येतो.

तेव्हा मासे आहेत का, तर आहेत, पण पूर्वीसारखे सगळीकडे नाहीत. मी मेपल ओढला त्या जागी आज सपाट, उघडी रेती आहे आणि तिथे मी गळ टाकत नाही. जमीनमालकाच्या परवानगीने त्या काठावर मी मेपलची अकरा रोपे लावली; त्यांतली सात जगली असून सर्वांत उंच रोप आता माझ्या खांद्याला लागते. त्यातले एखादे पात्रात आडवे व्हायला साठ-सत्तर वर्षे तरी लागतील.