लाईट आली आणि मासे गेले

रात्री २ वाजता लाईट गेली, सकाळी ७ ला आली. त्या पाच तासांत एकही मासा दगावला नाही. दगावले ते लाईट आल्यावर, पहिल्या वीस मिनिटांत. मत्स्यालयात काम केलेला माणूस हे ऐकून एकच विचारतो, "सँड फिल्टर तसाच चालू झाला का?" बाकीच्यांना मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

संग्रहालयाच्या मत्स्यालयात निम्म्याहून जास्त काम पाण्याचं असतं. समुद्राचं पाणी उधाणाच्या भरतीला, पाणी पुरतं चढल्यावर ओढायचं. ओहोटीला ओढलं तर गाळ येतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी क्षारता, म्हणजे लिटरमागे मीठ, ३५ ग्रॅमवरून २० च्याही खाली जाते, म्हणून मेअखेरीलाच साठवणीच्या टाक्या भरून घ्यायच्या. बर्फातली तारली गरम पाण्यात न टाकता रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्यायची. तारलीतलं एक विकर (एन्झाइम) ब१ जीवनसत्त्व खाऊन टाकतं, त्यामुळे खायला घालताना तिच्या कल्ल्यात ब१ ची गोळी कोंबायची. काचेपलीकडून "यातला खायला कुठला चांगला?" हे रोज दहादा ऐकायचं.

ज्या टाकीबद्दल सांगतोय ती १८,००० लिटरची. दोन गोब्रे, सात तांबोशी, दोन पाकट आणि एक वाम. तिचं पाणी प्रेशर सँड फिल्टरमधून, म्हणजे वाळू भरलेल्या ३६ इंची बंद ड्रममधून, गाळून फिरतं.

त्या रात्री जनरेटर उठला नाही, बॅटरी उतरलेली होती. दर आठवड्याला 'चाचणी' होते, म्हणजे बटण दाबून जनरेटर सुरू करायचा आणि मिनिटभरात बंद करायचा. सुरू होताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं मिनिटभरात परत भरत नाही. अशा चाचणीने बॅटरी तपासली जात नाही, मारली जाते.

रात्रपाळीच्या मामांनी बॅटरीवरचे चार हवापंप सोडले आणि स्वतः बादली घेतली. पाणी उचलायचं, दोन-अडीच फुटांवरून परत त्याच टाकीत ओतायचं. २८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात, पूर्ण विरघळला तरी, लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. सहा वाजता मीटरवर ३.१ होता. माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचून पीएच ८.१ वरून ७.६ वर आला होता. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पण सगळे जिवंत होते.

एव्हाना बंद ड्रममध्ये काय चाललं होतं ते कोणी पाहत नव्हतं. वाळूच्या कणांवर अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, सोबत अडकलेली विष्ठा आणि खाद्य. पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन बघता बघता संपतो. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सल्फेट अडीच ग्रॅमच्या वर असतं, म्हणजे त्यांना तोटा नाही. त्यात आमची वाळू जुनी. खाद्यातल्या चरबीने तिचे गठ्ठे झाले की पाणी गठ्ठ्यांच्या मधल्या वाटांनी सरळ पळतं आणि प्रेशर गेजचा काटा खालीच राहतो. काटा खाली म्हणजे फिल्टर स्वच्छ, असं आम्ही सगळेच समजत होतो. मीही.

७ वाजता इमारतीच्या इलेक्ट्रिशियनने मेन वर केला. पंपाचा सिलेक्टर 'ऑटो'वर होता, स्टार्टरने लगेच उचललं. परतीच्या पाइपमधून करड्या पाण्याचा लोट आला, पाठोपाठ सडक्या अंड्याचा वास. ड्रममध्ये पाणी असेल फार तर ४०० लिटर, म्हणजे टाकीच्या सव्वादोन टक्के. पण हायड्रोजन सल्फाइड लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा असलं तरी कित्येक माशांना पुरतं. सायनाइड पेशीत जिथे घाव घालतं तिथेच हेही घालतं, मग पाण्यात ऑक्सिजन असून नसल्यासारखा. शिवाय ७.६ पीएचला त्याचा विषारी वायुरूप भाग ८.१ च्या सुमारे तिप्पट असतो. म्हणजे रात्रभर घसरलेल्या पीएचने सकाळच्या घावाला धार लावून ठेवली होती.

पंप बंद केला, ६,००० लिटर साठवणीचं पाणी बदललं, विष शोषायला नवा कार्बन (कोळसा) टाकला. हवेचा जोरही वाढवला. त्याने कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि सल्फाइडचा विषारी भाग घटतो. दोन्ही पाकट, पाच तांबोशी आणि एक गोब्रा गेला. वाम दगडाखालून बाहेरसुद्धा आली नाही आणि जगली.

करायला हवं होतं ते दहा मिनिटांचं काम. पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'बॅकवॉश'वर, म्हणजे वाळूतून उलटं पाणी, ते नितळ आणि बिनवासाचं होईपर्यंत गटारात, मग 'रिन्स', मग 'फिल्टर'. हे आम्हाला पाठ होतं. इलेक्ट्रिशियनला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि लाईट गेल्यावर पंप आपोआप सुरू होऊ नये म्हणून सिलेक्टर मॅन्युअलवर फिरवायचा हे मामांच्या कागदावर नव्हतं. तो कागद मी लिहिला होता. मामांनी रजिस्टरात लिहिलंय, "७.०० लाईट आली. सर्व मासे ठीक." अहवालात कारण पडलं 'वीजपुरवठा खंडित'. लाईट नसताना एकही मासा मेला नाही, हे त्या अहवालात कुठेच नाही.

चार दिवसांनी ड्रम उघडला. वर चार बोटं पिवळी, सुटी वाळू. खाली नारळाएवढे गठ्ठे. एक फोडला, आत डांबरासारखा काळा. साहेबांना दाखवायला म्हणून ते तुकडे ट्रेमध्ये घालून अंगणात ठेवले. तो काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा असतो, हवा लागली की गंजतो. साहेब दुपारी आले. ट्रेमध्ये तपकिरी वाळू होती.