नऊच्या आधी वीस

पुण्यात लष्कर भागात आमचं मिलिटरी टेलरिंगचं दुकान आहे. गणवेशाचं भाऊ बघतो, मेडलं माझ्याकडे. नवी रिबन कापायची, पट्टीवर ताणून बसवायची, मेडलं ओळीत घेऊन मागून टाके घालायचे. क्रम सरकारनं ठरवून दिलेला आहे, तो चुकला की साहेबलोक दारातूनच सुनावतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक काकू मुलाला घेऊन आल्या. यजमान कर्नल होऊन निवृत्त झालेले. वर्षश्राद्धाच्या आधी फ्रेम हवी होती. बिस्किटाच्या डब्यातून मेडलं निघाली, ब्रासोनं घासघासून काहींच्या कडेवरची अक्षरं पुसट झालेली. तिथं नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल असेल तर पाठीवर. नंबर बदलत नाही, हुद्दा बदलतो. भिंगातून वाचत गेलो, तर लेफ्टनंट, मग कॅप्टन, असं करत एक माणूस मोठा होत गेला.

मी वाचत होतो तोवर काकूंनी काउंटरवर मेडलं मांडलीसुद्धा. सरकारी क्रमाशी त्याचा काही संबंध नव्हता.

"काकू, असं नाही चालत."

"का? हे पासष्ट सालचं," समर सेवा स्टारवर बोट ठेवत त्या म्हणाल्या. "साखरपुडा झाला होता. लढाई लागली आणि लग्न पुढं गेलं. हे काश्मीरचं. पत्त्यात गावाचं नावच नाही, नुसतं ५६ एपीओ, लष्कराच्या टपालाचा नंबर. दोन वर्षं मी सासरी. हा आमचा धाकटा."

धाकटा, म्हणजे शेजारी उभे असलेले टक्कल पडलेले गृहस्थ, ओशाळं हसले. मेडल होतं 'पूर्वी स्टार', एकाहत्तरच्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेलं. साहेब १९७१ मध्ये १ मराठामध्ये, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. डिसेंबरात ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती. शरण या, असं आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी कळवलं, तर पाकिस्तानी कर्नलनं उलट टपाली कागदात गुंडाळलेली गोळी पाठवली. रात्री ते वेढा फोडायला निघाले आणि मराठ्यांच्या मशिनगनच्या माऱ्यात सापडले. अकरा तारखेला जमालपूर पडलं. तो इतिहास आम्ही पलटणीच्या माणसांकडून ऐकलेला. काकूंकडून कळलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात साताऱ्याला मुलगा झाला होता आणि तार साहेबांच्या हाती पडली ती ढाक्याला पोचल्यावर.

"हाय आल्टिट्यूडचं म्हणजे मोठीचं लग्न," त्या पुढं म्हणाल्या. "हे लेहला होते. आले ते हळदीच्या रात्री, अंगात ताप घेऊन. कन्यादान केलं नि परत."

मुलगा म्हणाला, "माझ्या प्रगतिपुस्तकात पहिली चाचणी, सहामाही, सगळ्यांवर सही एकाच दिवशीची, एकाच शाईची. सुट्टीवर आले की थकबाकी उरकायचे." निवृत्तीनंतर मात्र नातवंडांचे डबे, बसथांबा, रविवारी घरभराच्या बुटांना पॉलिश, हे सगळं त्यांनी कोणाला करू दिलं नाही. बूट नीट चमकले नाहीत तर नातवंडं खटला भरायची म्हणे, आजोबांवर.

मी नियम समजावला. दोन्ही स्टार आधी, मग रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा, आणि दीर्घ सेवेची शेवटी, त्यातही वीस वर्षांचं नऊच्या आधी.

"पण नऊ आधी झाली ना?" काकू म्हणाल्या.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा म्हणत होता, "आई, बाबांनी असलं चालवून घेतलं नसतं." काकू म्हणाल्या, "त्यांच्या नोकरीत नसेल. फ्रेम माझ्या हॉलमध्ये लागणार आहे."

डबा पालथा केला तर तळाला मिनिएचर होते. मेसमध्ये रात्रीच्या समारंभाला जॅकेटवर लावतात, ती अर्ध्या आकाराची मेडलं. मग सुचलं. मोठी मेडलं वर, नियमाप्रमाणे. मिनिएचरच्या पट्टीचे टाके उसवले आणि ती खाली काकूंच्या क्रमानं बसवली. काकूंनी चिठ्ठीवर क्रम लिहून दिला होता. त्यात एकाही मेडलाचं नाव नव्हतं. 'लग्न पुढं गेलं', 'धाकटा', 'हळद', असंच.

न्यायला येईपर्यंत फ्रेम भिंतीवर टांगली होती. एक निवृत्त ब्रिगेडियर ब्लेझर घ्यायला आले, चष्मा वर करून पाहू लागले. "खालची ओळ चुकलीय तुझी."

"नाही साहेब," म्हटलं, "ती घरची आहे."